काकवी लावलेली रेघ

११ जानेवारी

सकाळपासून पट्टीवर. बंद कारखान्याचा हा सरळ रस्ता मोटरसायकलच्या शर्यतींसाठी मिळावा म्हणून दोन ग्रामसभांत घसा फोडून बोलले होते. गावातला गण्या महामार्गावर शर्यत लावताना उसाच्या ट्रॉलीखाली गेला, त्यानंतर. पोरं शर्यत सोडणार नाहीत. मग निदान मरणार नाहीत अशी जागा द्या. तेव्हाही हेच म्हणणं, आजही हेच. परवानगी एका वर्षाची. पुढच्या महिन्यात ग्रामसभेत पुन्हा विषय येणार.

शलू, म्हणजे आमचा शलमोन, हरला. माझा भाऊ म्हणून नाही म्हणत, गाडी त्याचीच वेगवान. पण निघतानाच मार खातो. कधी पुढचं चाक उचलतं, कधी इंजिन गुदमरतं. गॅरेजातला त्याचा जोडीदार अशोक म्हणाला, "ताई, ह्याचा डावा हात येगळा, उजवा येगळा. दोघांची सोयरीकच जमत न्हाई."

शलू दिवसभर क्लचची तार सैल-घट्ट करत बसला.

१८ जानेवारी

लिमिटर बसवला. काडेपेटीएवढा डबा. क्लच दाबून ॲक्सिलरेटर पूर्ण पिळायचा. इंजिन ठरवलेल्या आकड्याच्या वर जात नाही, तिथंच ठसके देत थांबतं. क्लच सोडला की बंधन सुटतं. हाताच्या अंदाजावर काही राहत नाही. आकडा सध्या मिनिटाला पाच हजार फेरे.

मला तो आवाज सहन होत नाही. अख्खी ताकद उघडलेली आणि जागेवर आवळून धरलेली. शलूला म्हटलं, हे तर गळा दाबणं झालं.

"तू ष्टेजवर चढायच्या आधी पानी पितीस ना? तसंच हाय ते."

सगळे स्टार्ट एकसारखे निघाले. घरी येईपर्यंत तो शिट्टी वाजवत होता.

२५ जानेवारी

नवी अडचण. गाड्या सुटतात त्या रेघेवर धूळ, मागचं चाक जागच्या जागी फिरतं. अशोकनं गुऱ्हाळावरून काकवी आणली, पाण्यात पातळ केली आणि खराट्यानं रेघेवर फासली. उन्हात वाळली की टायर धरून ठेवते. बघायला गेले तर चप्पल रेघेवर राहिली, मी पुढं.

अशोक: "ताईला बी लिमिटर बसला."

हसून हसून खाली बसले दोघं. मीही.

पकड मिळाली म्हणून आकडा साडेपाच हजारांवर नेला. मम्मीला सांगितलं तर म्हणाली, "खायची वस्तू रस्त्यावर ओतता. मुंग्यांची तरी सोय झाली."

८ फेब्रुवारी

लिहवत नाही.

अशोक नगरच्या दवाखान्यात. शलूला खरचटलंसुद्धा नाही.

९ फेब्रुवारी

क्रमानं लिहून काढते. नाहीतर लोक सांगतील तेच मला खरं वाटू लागेल.

काल शर्यत बघायला पाहुणे यायचे होते. मांडव रेघेला लागूनच. धूळ उडू नये म्हणून सरपंचांनी टँकर फिरवला. पाहुणे म्हटले की सडा. इथं कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. पाणी शलूच्या बाजूच्या अर्ध्या रेघेवर गेलं. वाळलेली काकवी चिकटते, भिजलेली शेवाळासारखी होते. रंग दोन्हींचा काळाच. दरवेळी शलू रेघेवर हात फिरवून बघतो. काल भाषणं लांबली, पाहुण्यांना निघायची घाई, माईकवरून पुकारा चाललेला. तो थेट जाऊन उभा राहिला.

अशोक झेंडा घेऊन दोन गाड्यांच्या मधे.

ते ठसके. मग क्लच सुटला. डब्यानं त्याचं काम चोख केलं, ठरल्या आकड्यावर धरलं, ठरल्या क्षणी सगळी ताकद सोडली. चाकाखाली धरायला काही नव्हतं. गाडी आडवी झाली आणि अशोकला घेऊन गेली.

मांडवात आधी टाळ्या वाजल्या. त्यांना वाटलं, निघाली.

१२ फेब्रुवारी

अशोकचा पाय काढला. गुडघ्याखालून.

गाडी पोलिसांकडं. निष्काळजीपणाचा गुन्हा शलूवर. तो गॅरेजात शटर अर्धं ओढून बसतो. जेवायला हाक मारली की येतो, ताट पुढं ठेवून बसतो.

दुपारी सरपंच आले. चहा घेतला नाही.

"मॅडम, टँकरचं काढू नका ग्रामसभेत. डब्यामुळं झालं म्हना. डब्यावर बंदी घालू, पट्टी चालू ठिऊ. तुमचीच पट्टी हाय."

"आणि शलमोन?"

"त्याचं बघू की. आपलंच पोरगं हाय."

माणूस वाईट नाही. म्हणूनच जास्त राग आला. आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आले की सत्याची किंमत बोलणाऱ्यानं मोजावी. इथं ती दुसरेच मोजणार. बोलले तर पट्टी जाईल आणि पोरं पुन्हा ट्रॉल्यांच्या मागं धावतील. गप्प बसले तर भाऊ.

वर्गात शोकांतिका शिकवताना मी फळ्यावर दोन रस्ते काढते. पोरं वहीत उतरवून घेतात. किती सोपं असतं ते.

१४ फेब्रुवारी

दवाखान्यात अशोककडं गेलो. शलू दारातच थांबला, आत येईना.

अशोक खोल गेलेल्या आवाजात: "त्याला म्हनाव, आत ये. पाय न्यायला आलाय का दुसरा?"

शलू आला. पलंगाच्या पायथ्याशी उभा. चादर जिथं सपाट होती तिकडं बघत नव्हता.

ग्रामसभेत टँकरचं बोलणार आहे असं मी सांगितलं. अशोकनं उशीवरून मान उचलली.

"नुसतं पान्याचं नगं सांगू ताई. काकवी बी सांग. ती मी लावली हुती. नुसत्या पान्यानं एवढं घसरत न्हाई. अर्धं सांगून टाळ्या घेशील, आन् मी हितं खोटा पडंन."

शलू म्हणाला, "आकडा मी वाढवला हुता."

"मीच म्हन्लो हुतो वाढव म्हनून. बस आता."

बसला.

१५ फेब्रुवारी

ग्रामसभेत सांगितलं. टँकर, काकवी, आकडा, लांबलेली भाषणं; त्यात माझंही. मुठी आवळल्या नाहीत, आवाज चढवला नाही. उदाहरण दिलं नाही. मग विनंती केली: पट्टी बंद करू नका, मांडव रेघेपासून लांब हलवा, झेंडेवाला बाजूला उभा करा, आणि शर्यतीच्या दिवशी पाणी मारू नका. एकही टाळी नाही. मागं कुणी तरी म्हणालं, "बाई आज थकल्यात."

हात वर झाले. पट्टी चौकशी होईपर्यंत बंद.

बाहेर सरपंच चपला घालत होते. "तुमीच उघडली मॅडम, तुमीच मिटवली." रागानं नाही म्हणाले.

दिवेलागण. शलू ओट्यावर, मम्मी आत भाकरी थापतेय. आत्ता महामार्गाच्या बाजूनं तो आवाज आला. ठसके देणारा, आवळून धरलेला. शलूची गाडी पोलिसांकडं आहे; ही दुसऱ्या कुणाची तरी, तसाच डबा लावलेली.

शलूनं मान वर केली. "साडेपाचावर धरलंय. आज डांबर गार हाय, टायर धरायचा न्हाई, ट्रॉल्या चालू हायेत."

उठला. चपलाही न घालता महामार्गाकडं पळत गेला.

आवाज अजून तिथंच अडकलाय. सुटत नाही. मी पेन ठेवून त्याच्या मागं निघाले.