न उचललेले फोन

प्रिय बाबा,

तीन आठवडे मी तुमचा फोन उचलला नाही. तुम्ही ताईला म्हणालात म्हणे, "डॉक्टर झाली, आता बापाचा फोन कशाला उचलेल!" बाबा, तसं नाही हो. ही साथ आल्यापासून वॉर्डात कुणी दगावलं की घरच्यांना फोन करून कळवायचं काम माझ्याकडे आहे. मी सगळ्यांत नवी ना! हळूहळू कुणाचाही फोन आला तरी मी तो उशीखाली सरकवू लागले. तुमचं नाव दिसलं की वाटायचं, आता तुमचंच काही बरंवाईट कळणार.

काल दुपारी एका बाईंना फोन लावला आणि तोंडातून शब्दच फुटेना. त्याच म्हणाल्या, "गेले ना ते? राहू दे बाळा, नाही सांगितलंस तरी कळलं मला." मी तिथेच फरशीवर बसून रडले. मोठ्या सिस्टर मला हाताला धरून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. त्यांनी औषध दिलं, आठ दिवसांची रजाही लिहून दिली.

हे पत्र काही टाकत नाही. वाचून एकटेच काळजी करत बसाल. उद्या सकाळच्या गाडीने मीच येते. "कशी आहेस?" विचारलंत की "बरी नाही" म्हणेन. घाबरू नका, बाबा. तुम्ही समोर असलात की मला तेवढं म्हणता येईल.

तुमची,
धाकटी