डाव्या कानाची खूण

नारिन कोठडी, ४ जून

सौ. आयझातताईस बेगाइमचे अनेक सलाम, वि. वि.

मी बरी आहे. इथलं सूप इतकं पातळ, की त्यात तोंड बघून वेणी घालावी. पत्रं पहारेकरी वाचतात, म्हणून हे एका सुटलेल्या मैत्रिणीच्या बुटात घालून पाठवतेय.

आधी नानच्या रोटीवर हात ठेव आणि शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस. झुमाबेककाकांची नऊ कोकरं मी चोरली नाहीत. त्या कोकरांच्या कानावर आपल्या मालकीची खूण आजोबांनीच कापली. मी तेव्हा शाळेत होते. आजोबांना आता आपलं कोकरू आणि शेजाऱ्याचं कोकरू यांतला फरकही दिसत नाही गं. मी परत आले, तर काका पोलिसांना घेऊन दारात. म्हटलं, मी कापल्या खुणा. वाटलं, दोन थपडा बसतील आणि मिटेल.

चाळीस वर्षं सगळ्या कुरणातल्या कोकरांचे कान आजोबांच्या सुरीखालून जातात. सुरी काढून घेतलीत तर मला पुरायलाच न्या, असं ते म्हणतात. मग खरं कसं सांगू? आणि ते मला चोर समजतात, हे तर मुळीच सोसत नाही.

तुझी,
बेगाइम

कुरण, ९ जून

चि. बेगाइम हिस अ. आ.

तुझं पोचलं. आजोबांकडे राहायला आलेय. तुझं नाव काढलं की उठून तंबूबाहेर जातात. सात पिढ्यांत आमच्यात चोर नव्हता, म्हणतात.

काल त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला, तो वाडग्यात न पडता माझ्या हातावर पडला. मला रडू आलं. का रडतेस विचारलं, तर म्हटलं, चुलीचा धूर गेला डोळ्यात. ते म्हणाले, चूल तर सकाळीच विझली.

गुरुवारी सुनावणी. वकील तीन वर्षं म्हणतात. सोळाव्या वर्षी एवढा हट्ट बरा नव्हे. मला शपथेत बांधलंस, तुला कुणी बांधलंय? बोल गं बाई.

तुझी ताई

कुरण, ११ जून

चि. बेगाइम हिस आजोबाचे आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सावकाश वाच. दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं हे नाही.

विझल्या चुलीचा धूर आयझातच्या डोळ्यात गेला, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. आज झुमाबेककडे जाऊन ती नऊ कोकरं चाचपली. उजव्या कानाला आपली खूण, डाव्याला त्याची, जशीच्या तशी. अगं, चोर आधी मालकाची खूण असलेला कान उडवतो. हे तुला शेंबडी होतीस तेव्हापासून शिकवलंय. शिवाय शेवटी सुरी वर उचलायची माझी खोड बोटाला लगेच लागली. नऊच्या नऊ काप माझे.

दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. लोकांना कळू नये म्हणून गप्प बसलो, आणि पोरीला मात्र चोर म्हणून मोकळा झालो. लाज वाटते.

गुरुवारी झुमाबेकच्या घोड्यावर मागे बसून कोर्टात येतोय, एक कोकरू घेऊन. न्यायाधीशबाईंसमोर त्याचा कान धरून सांगेन. मग तुला सोडायचं की मला धरायचं, ते त्यांनी बघावं. सुरी तुझ्या उशाखाली ठेवलीय. पुढच्या वसंतात काप तू घाल, कोकरं मी धरीन.

धाकट्यांकडे लोभ मागायची थोरांची रीत नाही. मी मागतो. असू दे, पोरी.

तुझा आजोबा,
किदिराली