बेकरीवाल्या दादाचं आतडं

दि. ३ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझा रक्ताचा रिपोर्ट पाहिला. सिलिअ‍ॅक निघाल्यापासून वर्षभर गहू बंद, तरी अँटिबॉडी उतरायचं नाव नाही! दादा, मी प्रयोगशाळेत रोज असलीच आतडी भिंगाखाली बघते, मला गंडवू नकोस. 'एका तुकड्याने काय होतंय' हे पालुपद पुरे. गव्हातलं ग्लुटेन दिसलं की तुझ्या शरीराच्या पहारेकरी टी-पेशी शत्रू आला म्हणून आरडाओरड करतात आणि त्या धुमश्चक्रीत तुझ्याच आतड्याचं अस्तर झडतं. कणभरही पुरतं. शिवाय त्या वर्षानुवर्षं विसरत नाहीत. वजन अठ्ठेचाळीसवर आलंय तुझं. चोरून काय खातोस ते कळव.

काळजीने हैराण झालेली,
टिकली

दि. ११ मार्च

चि. टिकलीस,
अ. उ. आ.

चोर ठरवून मोकळी झालीस! वर्षभरात पावाचा कण तोंडात घातलेला नाही. माझा तवा वेगळा, चमचा वेगळा. तुझ्या वहिनीने त्यांना लाल दोरा बांधलाय. सकाळी पिठाची पोती मशीनमध्ये रिकामी करतो, मळतो, खोकतो, दुपारी निमूट भात खातो. आणखी काय करू? पुढचा रिपोर्ट तुला दाखवणार नाही.

आशीर्वाद आहेत, पण रागावून.
दादा

दि. १८ मार्च

ती. स्व. दादास,
कान पकडून शि. सा. न.

'खोकतो' वाचलं आणि कपाळावर हात मारला. पोती ओतताना उडणारं पीठ नाकातोंडात जातं, तेच गिळलं जातं! आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बेकरीवाल्यांचं असं होऊ शकतं, त्यांना आधी त्या खोलीतून बाहेर काढ. तू खरं सांगत होतास आणि मी तुलाच झोडपत होते. हवं तेवढं रागव, पण मळायचं काम सोड.

माया आटू देऊ नकोस.
टिकली

दि. २ सप्टेंबर

चि. टिकलीस,
अ. उ. आ.

रिपोर्ट सोबत आहे. आकडा उतरला, वजन चार किलो वाढलं. मळणं, भट्टी सगळं आता तुझी वहिनी बघते. मी रस्त्यापलीकडच्या खोलीत फोनवर ऑर्डरी घेतो. तीस वर्षं जिथे उभा राहिलो, तिथे दारातूनच हाकलतात. परवा शाळेच्या बाई येऊन म्हणाल्या, पाव पूर्वीपेक्षा हलका होतो हल्ली. तेव्हापासून तुझ्या वहिनीची मान ताठ! मीठ कमी पडतंय असं ठणकावून सांगितलं असतं, पण चाखल्याशिवाय बोलणार कसं? असला वैताग जन्मात आला नव्हता.

जेवायची हाक आली. हल्ली भूक सणकून लागते, म्हणून इथेच थांबतो.

तुझा,
दादा