गाणं संपेपर्यंत उतरायचं नाही

प्रिय दादा,

आज सकाळी तुझा टेंपो गेला. अंगणातून मागे घेताना त्या नव्या मालकाने जास्वंदीची फांदी मोडली आणि वहिनी त्याच्यावर अशी ओरडली की बिचारा ब्रेकवर पाय ठेवून बसूनच राहिला. ती जास्वंदीसाठी ओरडत नव्हती, हे त्याला कुठून कळणार?

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. मोहोपाड्याहून लोधिवलीला यायला पत्र कशाला लागतंय? मनात आलं की रिक्षात बसायचं आणि माहेरी यायचं. पण टेंपो जायच्या आधी मी तुझ्या टेपमधली कॅसेट ऐकली रे. जे ऐकलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? शिवाय मला तुझा राग आलाय, आणि राग माझ्या पोटात राहत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

तो खोका आठवतो? कर्जतच्या बाजूला मुंबईच्या कुणाचा तरी बंगला होता, तो रिकामा करायचं भाडं तुला मिळालं होतं. मोडकी कपाटं, कुजलेल्या गाद्या, सगळं खोपोलीच्या भंगारवाल्याकडे नेऊन टाकायचं होतं. त्यात हा कॅसेटींचा खोका. मालक म्हणाला, हवा तर ठेव तुला. आतली कागदं वाळवीने खाल्लेली, कॅसेटींवरची अक्षरं ओलीने पुसून गेलेली. कोण गातंय, कुठल्या देशाचं, काही पत्ता नाही! आई कपाळाला हात लावून म्हणाली, "भंगार टाकाया गेला नि भंगारच घेऊन आला."

नावं नव्हती, म्हणून ती आपणच ठेवली.

'भांडकुदळ' हे नाव माझं. त्यातला माणूस पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत कुणाशी तरी भांडत असतो आणि मागे गिटार अशी, की कुणी पत्र्यावरून फावडं ओढतंय. पहिल्यांदा मी कानांवर हातच ठेवले होते. पण पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मला वाटायला लागलं की हा रागावलेला नाही, घाबरलेला आहे. घाबरलाय हे कुणाला कळू नये म्हणून ओरडतोय. मी तुला तसं म्हणाले, तर चौक गाव येईपर्यंत तू तीच गाणी पुन्हा ऐकलीस. मग म्हणालास, "तुला लय कळतं गं बाय." साजगावच्या कंपनीच्या गेटवर माल उतरवायला ताटकळत ठेवलं की तू हीच लावायचास.

'धुक्यातली' घाटासाठी. त्यातली बाई तोंडात पदर धरून गावं तसं गाते, एक शब्द कळेल तर शपथ! वाद्यंही एकमेकांत मिसळून गेलेली, कुठलं कुठे संपतं ते सापडत नाही. बोरघाट चढताना तुझा टेंपो कण्हायचा आणि ते कण्हणं नेमकं त्या गाण्यांत जाऊन बसायचं. एकदा मी ती घरच्या टेपवर लावली तर काहीतरी कमी वाटलं. इंजिन कमी होतं!

'बाईची' तू मला देऊन टाकली होतीस. एक बाई आणि एक पियानो, बाकी काही नाही. ओळ सुरू व्हायच्या आधी ती श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो. मला ती ऐकताना नेहमी वाटायचं की ही आपल्याला ऐकवत नाहीये, ही घरात एकटी आहे आणि आपण दाराशी उभे आहोत. माझ्या लग्नात रुखवत घेऊन तूच टेंपो चालवत मोहोपाड्याला आलास. टेपमध्ये कुठली कॅसेट होती ते मला वहिनीने नंतर सांगितलं. सगळा रस्ता डोळे पुसत आलास म्हणे. आणि मांडवात मला बघून म्हणालास, "धूळ लय हाय रस्त्याला!"

आणि खोकल्याची! म्हाताऱ्या गवयाची मैफल, दुपारचा राग, आणि तो वरच्या षड्जाला जाऊन पोचणार तेवढ्यात पुढे बसलेला कुणीतरी खोकतो. आपल्याला राग कळत नव्हता, पण खोकला कधी येणार ते बरोबर कळायचं. आपण दोघं त्याच्याबरोबर खोकायचो. मागे तुझ्या प्राजूने मोबाइलवर तीच मैफल शोधून काढली, किती खूश झाली होती पोर! तू कान देऊन ऐकत बसलास, ती जागा आली आणि खोकलाच नाही. आवाज साफ करताना काढून टाकलेला. "त्या माणसाला कुठं घालवला गं?" तू प्राजूला विचारलंस. ती हसायला लागली. तू नाही हसलास. म्हणालास, "गाणं तेच हाय. पन दुपार गेली त्यातली."

प्राजू तेव्हापासून मागे लागली होती की पप्पा, तो टेप काढून टाका, नवीन बसवून देते. तू कसला ऐकतोस! दोन्ही बाजू आपोआप उलटून वाजवणारा टेप होता तुझा. किल्ली बंद केली की कॅसेट थांबायची आणि पुन्हा फिरवली की जिथे थांबली तिथूनच पुढे. त्यात गेली कित्येक वर्षं एकच कॅसेट बसलेली, जिला आपल्याला नाव सापडलं नाही ती. 'बिननावाची' म्हणायचो. एक माणूस स्वतःशी बोलल्यासारखं गातो. प्रत्येक गाणं आधीच्यापेक्षा थोडं हळू. शेवटच्या गाण्यात तर तो मधेच गायचा थांबतो आणि पुढे एकटी गिटार वाजत राहते. मी म्हणायचे, तो घर शोधतोय. तू म्हणायचास, "घर सापडलंय त्याला. आत जायला धजत नाय."

आणि आपला नियम. गाणं संपेपर्यंत गाडीतून उतरायचं नाही. कंपनीचा सुपरवायझर हाका मारो, पाहुणे खोळंबोत, अंगणात येऊन इंजिन बंद करायचास, किल्ली अर्धी ठेवायचास आणि बसून राहायचास. आई दारातून ओरडायची, "भात निवला रं!" तू आतून एक बोट दाखवायचास, एकच राहिलंय. मला नागीण झाली होती तेव्हा दवाखान्याच्या दारात तू मला गाणं संपेपर्यंत बसवून ठेवलं होतंस. अंगाची आग होत होती आणि हा म्हणतो, "थांब गं, अर्धवट सोडू नये, त्याला वाईट वाटतं." कुणाला वाईट वाटतं रे? त्या गाणाऱ्याला? तो कुठल्या मुलखातला, त्याला लोधिवली माहीत आहे का!

वहिनीला ही सगळी किरकिर वाटायची. "कशी डोकी दुखत नायत तुमची दोघांची," म्हणायची. पण गाणं संपायच्या आधी तिने कधी तुला जेवायला हाक मारली नाही. गाणं थांबल्याचं ऐकलं की ताट घ्यायची.

त्या दिवशी तू दुपारीच घरी आलास. वहिनी मागे भांडी घासत होती. आत आलास, हसलास, म्हणालास, "पित्त झालंय वाटतं. लिंबूपानी दे." ते अर्धं प्यायलास आणि जरा पडतो म्हणून कॉटवर पडलास. मग वहिनीने हाक मारली तर तू ओ दिली नाहीस. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून नेलं तुला, पण चौकच्या पुढे नेऊन काही उपयोग नव्हता.

मी पोचले तोवर अंगण माणसांनी भरलं होतं. दहाव्याला, तेराव्याला, जो येईल तो एकच सांगायचा. त्रास नाही झाला हो त्याला. झोपेत गेला, पुण्यवान माणूस. मी ते घट्ट धरून ठेवलं, दादा. मशीनवर बसले, ब्लाउजच्या बाह्या जोडता जोडता हात थांबला की स्वतःला सांगायचे, त्याला काही कळलं नाही. त्याच्यावर तर दिवस ढकलत होते.

मग टेंपो द्यायचं ठरलं. प्राजूने फोनवर सांगितलं, "आत्या, बॅटरी उतरलीय, घेणारा माणूस नवी घेऊन येणारेय." आणि माझ्या एकदम ध्यानात आलं. किल्ली तू गेल्यापासून देव्हाऱ्यात आहे. वहिनीने तिला कुणाला हात लावू दिला नाही. म्हणजे तू बंद केलीस तेव्हाची कॅसेट, तिथेच थांबलेली आहे!

रात्रभर एकच घोळत होतं. तू नियम मोडणारा माणूस नाहीस. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत थांबली असेल, तर तू नेहमीसारखा बसलास, गाणं संपवलंस, आरामात उतरलास. लोक म्हणतात ते खरं. आणि तसं नसेल तर? कॅसेट न वाजवता तशीच काढून घ्यावी असंही वाटलं. बटण दाबलं की बाहेर येते, किल्ली लागत नाही. कळलंच नाही तर बरं ना?

पण मी तुझी बहीण. तुला जे सोसावं लागलं ते मला माहीत नको, असं कसं चालेल?

सकाळी मी आले तेव्हा टेंपो घेणाऱ्याने बॅटरी बसवली होती. मी म्हटलं, "भाऊ, जरा वेळ द्या." वहिनीने देव्हाऱ्यातून किल्ली आणून माझ्या हातात दिली. मी तुझ्या जागेवर चढले. सीटवरचं ते रेक्झिन अजून तसंच फाटलेलं, टोचतं. किल्ली अर्धी फिरवली.

आधी नुसती घरघर. इतके महिने एका जागी राहून टेप ताणली गेली होती बहुतेक. मग आवाज हळूहळू वर आला, सरळ झाला, आणि तो माणूस गात होता. शेवटचं गाणं. ओळीच्या मधे, अरे, शब्दाच्याही मधे!

तेवढ्यात पलीकडचं दार उघडून वहिनी वर चढली. इतक्या वर्षांत ती त्या सीटवर गाणं ऐकायला म्हणून कधी बसली असेल? ती टेपकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, मधीच सोडलं यांनी."

तिला कळलं रे! किरकिर म्हणणाऱ्या तुझ्या बायकोला एका क्षणात कळलं. मला समजवायला लागलं नाही.

म्हणजे तुला कळलं होतं. इतकं दुखत होतं की तुला ते गाणं पुरं करवलं नाही, आणि तरी आत येताना हसलास. पित्त म्हणे! बायकोला घाबरवायचं नाही, बहिणीला फोन करायचा नाही, एकट्याने सगळं दाबून ठेवायचं. भांडकुदळ माणूस तरी बरा, तो ओरडतो. तू ओरडलाही नाहीस. दादा, तू तिला एवढंच म्हणाला असतास ना, गाणं अर्धवट सोडून आलोय, तर ती हातातलं भांडं टाकून धावली असती. तिने गाव गोळा केलं असतं. चार शब्द होते रे. ते का नाही बोललास?

आम्ही दोघी बसून राहिलो. तो गायचा थांबला, गिटार एकटी पुढे गेली. वहिनीने माझा हात धरला होता आणि ती इतकी रडत होती की तिची बांगडी माझ्या मनगटात रुतत होती. टेंपो घेणारा माणूस लांब जास्वंदीपाशी पाठमोरा उभा राहिला. गिटार बारीक होत गेली आणि बंद झाली. टेप उलटून दुसरी बाजू लागायच्या आत मी किल्ली फिरवली. तुझं गाणं पुरं झालं, दादा. मग उतरलो.

कॅसेट आता देव्हाऱ्यात आहे, किल्लीच्या जागी. आई असती तर भंगार म्हणून ओरडली असती.

दुपारी आम्ही तिघी जेवायला बसलो तेव्हा मी प्राजूला सांगितलं, यापुढे या घरात कुणाला काही दुखलं-खुपलं तर पित्त म्हणायचं नाही. गाणं अर्धवट सोडून आले, असं म्हणायचं. बाकीच्यांनी हातातलं टाकून उठायचं. प्राजूने मान हलवली. वहिनी भात कालवत होती, तिचा हात थांबला. म्हणाली, "ताई, माझं गाणं अर्धवट हाय."

मी ताटावरून उठलेच. तिने मला हाताला धरून खाली बसवलं. "दुखत नाय ओ कुठं," म्हणाली. "नुसतंच."

तेव्हा दादा, मी तुला एक वचन देते. टेंपो गेला म्हणून माझं येणं कमी होणार नाही. दर रविवारी येईन, तिच्या शेजारी बसेन, ती बोलली तर ऐकेन आणि गप्प राहिली तर गप्प राहीन. तिचं संपेपर्यंत मी उतरणार नाही.

तुझ्यावर रागावलेली,
तुझी बाय