दिलेल्याला नावं

बाबा, आज मला तुमचा फार राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, सकाळी फोटोला फूल वाहिलं, तरी आला. एडवणच्या वाडीत चुलीपुढे बसून मी म्हणाले होते, आत्याने दिलेलं पोलकं टोचतं. तुम्ही नारळ सोलत होतात, मान न उचलता म्हणालात, "दिलेल्याला नावं ठेवू नये. बरं हाय म्हणायचं." ते पोलकं मी विरेपर्यंत घातलं, मानेवर पुरळ घेऊन. पुढे पालघरच्या दवाखान्यात खोकत खोकत तुम्हीही डॉक्टरला तेच सांगितलंत, आणि गेलात.

आता सालवडच्या घरात तुमचे जावई तेच बोलतात. त्यांना दुसऱ्याची फुफ्फुसं बसवली त्याला बरीच वर्षं झाली. मुंबईचे एक डॉक्टर अशा माणसांचा अभ्यास करतात, नवी फुफ्फुसं पुढे किती आणि कशी साथ देतात याचा. अधूनमधून फोन करून विचारतात. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "बरं हाय, डॉक्टर." आणि हल्ली शर्टाची बटणं लावताना मध्येच थांबतात, अंघोळीहून आले की पलंगाची कड धरून उभे राहतात. ह्या फुफ्फुसांसाठी मी देवापुढची उदबत्ती बंद केली, धूप बंद केला, देवाची मनात माफी मागितली. आणि हे दोन शब्दांत मोकळे होतात. काल विचारलंच, खरं का सांगत नाही? तर म्हणतात, "कुनाचं तरी पोर गेलं, तवा मला मिळाली. आता तेंना नावं ठेवू? तुझा बापूस काय सांगायचा, विसरलीस?" मला अडवलं, बाबा. तुमच्याच शब्दाने.

आज फोन आला तेव्हा मी तो ह्यांच्या हातातून ओढूनच घेतला आणि सगळं सांगितलं. नावं ठेवायची नाहीत म्हणून गप्प बसतात, हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, ह्याला नावं ठेवणं म्हणत नाहीत. दम केव्हापासून लागतो हे वेळेवर कळलं तर काही करता येतं. सगळेच बरं म्हणाले, तर मी पुढच्या माणसाला काय सांगू?" उद्याच घेऊन या म्हणाले. हे भिंतीकडे तोंड करून बसले. फोन ठेवताना डॉक्टरांनी विचारलं, "आणि तुम्ही कशा आहात?"

"बरं हाय," मी म्हणाले.

भिंतीकडे बघतच हे हसले, हसता हसता खोकले. "आता हिचं बी खरं काय ते लिवून घ्या, डॉक्टर."

उद्या काय निघेल, देव जाणे. जपाला बसते, माळ हातात असते, पण कान ह्यांच्या श्वासाकडे. देवाचं नाव मध्येच सुटतं. हे कागदावर लिहिलं, कुठे धाडायचं नाही. तुम्ही समोर बसून विचारलं असतंत, तर मी बरं हाय म्हणाले असते.