नसीम ओठांतल्या ओठांत बोलतो

३० नोव्हेंबर १९९४

पुन्हा तेच! नसीमने आज पुन्हा वाक्य गिळलं. एका साध्या दृश्याला सात टेक. त्याचं वाक्य संपलं की मी वस्तरा वर धरून म्हणायचं, "आधी बायकोला विचारतो!" — एवढंच माझं काम. पण त्याचं संपलं हे कळायला तर हवं! ओठ हलतात, मिशी हलते, आवाज म्हणून येत नाही. मी थांबलो, म्हणून सगळे थांबले. इहाब — आमचा दिग्दर्शक, चौतीस वर्षांचं पोरगं — खुर्चीतून म्हणाला, "काका, परत एकदा हं." काका म्हणजे मी. नसीमला का नाही म्हणत?

एक फेब्रुवारीला रमझान लागेल. रोज संध्याकाळी उपास सोडून सगळा देश आमची मालिका बघायला टीव्हीसमोर बसणार. मी गल्लीतला न्हावी, तो समोरचा इस्त्रीवाला. आणि हा माणूस मुद्दाम माझी वाट लावतोय. मी ओळखून आहे त्याला.

२ डिसेंबर

शुक्रवार, सुट्टी. सुहैर जेवायला आली. दारातच लेकीची कटकट — "बाबा, किती वेळ बेल वाजवतेय!" बेल बिघडली असणार. इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवं.

जाताना टीव्हीचा आवाज कमी करून गेली. ती गेल्यावर मी परत वाढवला.

५ डिसेंबर

स्टुडिओला जाताना टॅक्सीवाल्याने आरशातून ओळखलं. "आधी बायकोला विचारतो!" — ओरडलाच! तेहतीस वर्षं झाली त्या वाक्याला. लेखकाने लिहिलेलं नव्हतं. संवाद विसरलो आणि घाबरून तोंडातून गेलं. दिग्दर्शक हसला, ठेवलं. तेव्हापासून खैरी दमन्हूरी हे नाव कुणाला आठवत नाही, पण वाक्य सगळ्यांना पाठ.

दमन्हूरच्या कापसाच्या गिरणीत कारकून होतो. फिरत्या नाटक मंडळीबरोबर कैरोला पळून आलो. पहिला सिनेमा — मी वेटर, नायकाच्या कोटावर सूप सांडतो आणि थोबाडीत खातो. सात सेकंद! दुसऱ्यातही थोबाडीत. मग सगळ्यांना कळलं, हा बुटका थोबाडीत खातो तेव्हा थिएटर हसतं. एकशे बारा सिनेमे झाले. पोस्टरवर तोंड एकदाही नाही. नाव असलंच तर अगदी तळाला, छापखान्याच्या नावाच्या डोक्यावर.

नसीम बिशारा भेटला चौसष्ट साली. तो उंच, मी हा असा; तो कॉप्टिक ख्रिस्ती, मी मुसलमान. दोन कैदी, दोन हवालदार, दोन कबर खोदणारे. लोक आमची नावं एका दमात घ्यायचे.

नऊ वर्षांपूर्वी रेडिओवर त्याची मुलाखत होती. मी आणि बायको, कौसर, टेबलाशी बसून ऐकत होतो. बाई म्हणाली, तुमच्या जोडीत विनोदी कोण? हा म्हणाला, "विनोद माझा. खैरी म्हणजे भिंत. चेंडू मारायला भिंत लागतेच की!" आणि हसला. कौसर म्हणाली, "गंमत केली असेल त्यांनी." मी घास तसाच ठेवून उठलो.

त्या दिवसापासून कॅमेरा चालू असेल तेवढंच बोलतो आम्ही. मधल्या काळात कौसरही गेली. सात वर्षं झाली.

भिंत!

८ डिसेंबर

आज सुटलंच तोंड. पाचव्या टेकनंतर अफाफला हाक मारली. अफाफ संहिता सांभाळते. आम्हा दोघांचा एकमेकांना निरोप तिच्याच मार्फत जातो — तेही तीन हातांवर बसलेलो असताना. म्हणालो, "अफाफ, त्या सद्गृहस्थांना विचार, तोंडात काय उसळ भरलीय का? की नाताळच्या उपासात आवाजही वर्ज्य असतो?"

सगळ्या युनिटसमोर. प्रकाशवाले, मेकअपवाले, चहावाला, सगळे.

नसीमने अंगठ्याने मिशी पुसली. अफाफ माझ्याकडे येऊन मोठ्याने म्हणाली, "काका, ते म्हणतात घसा बसलाय. चूक त्यांची आहे. माफी मागतात."

माफी! नऊ वर्षांत पहिल्यांदा! बरं वाटलं. पण कुणी हसलं नाही. सगळे खाली बघत होते. का?

१३ डिसेंबर

नवीन खोड. स्वतःचं वाक्य संपलं की इस्त्री टेबलावर धाडकन आपटतो. माझा हात त्याच टेबलावर असतो, दणका कोपरापर्यंत जातो. इस्त्री हातात नसेल तर माझी बाही ओढतो. लोकांनी त्याच्याकडेच बघावं म्हणून! पस्तीस वर्षं या धंद्यात घालवली मी, मला शिकवतो?

टेक मात्र पहिलाच ओके.

१५ डिसेंबर

आजही सगळं पहिल्या टेकला. इस्त्रीचा दणका वाढतच चाललाय. इहाब त्याला काही बोलत का नाही?

१९ डिसेंबर

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

बाहेरच्या गल्लीतलं दृश्य. मी दुकानासमोर रस्त्यात खुर्ची टाकून गिऱ्हाइकाची वाट बघतोय. नसीम समोरच्या दारात. माझ्या मागून घोड्याची बग्गी येऊन वळणावर थांबणार, असं ठरलेलं.

मी वस्तऱ्याला धार लावत होतो. एकदम नसीम धावत आला आणि दोन्ही हातांनी मला असं ढकललं की मी भिंतीशी जाऊन आदळलो. टोपी उडाली. उठलो आणि मनात नऊ वर्षं साठलेलं सगळं ओकलो. त्याच्या बापापर्यंत गेलो. "कॅमेऱ्यासमोर हात उचलतोस? तुझी एवढी हिंमत?"

तो जमिनीवर बसला होता. मनगट पोटाशी धरून. तोंड पांढरं फटक.

मग वळून बघितलं. माझी खुर्ची चाकाखाली मोडून पडलेली. घोडा तोंडाला फेस आणून उभा, चार माणसं त्याला धरून. बिथरला होता म्हणे. गाडीवान रडत होता.

अफाफ माझ्यासमोर आली. दोन्ही हातांनी माझं तोंड आपल्याकडे वळवलं, लहान मुलाचं वळवतात तसं. सावकाश म्हणाली, "काका, आम्ही सगळे ओरडत होतो. सगळे. गाडीवान घंटा वाजवत होता."

कुठली घंटा?

२० डिसेंबर

सकाळी कौसरचं गजराचं घड्याळ काढलं. किल्ली दिली. उजव्या कानाशी धरलं. वाजतं, पण शेजारच्या घरात वाजावं तसं. डाव्या कानाशी धरलं.

काहीच नाही. हातात मात्र मधमाशीसारखं थरथरत होतं.

दाराची बेल बिघडलेली नाही.

२२ डिसेंबर

बाब-अल-लूकच्या डॉक्टरकडे गेलो. टोपी डोळ्यांवर ओढून, मफलर गुंडाळून. कंपाउंडरने तरी ओळखलंच — "आधी बायकोला विचारतो!" त्याचे ओठ वाचूनच कळलं. तर मी ओठ वाचतोय! कधीपासून?

डॉक्टरांनी कागदावर रेषा काढून दाखवल्या. उजवा कान दोन-तीन वर्षांत उतरत गेलाय, आता झपाट्याने. डावा केव्हाच मेलाय. पडदा फाटून, भरून, पुन्हा फाटलेला. दहा-बारा वर्षं तरी झाली असावीत. "उजवा दोघांचं काम करत होता, म्हणून तुम्हांला कळलं नाही. या कानावर कधी मार बसला होता?"

मी हसायला लागलो. थांबवेना. म्हणालो, "डॉक्टर, या कानावर मार खाऊनच मी घर बांधलं!" सगळे नायक उजव्या हाताचे. खोटी थोबाडीत जमत नाही म्हणायचे, खरी मारू का? मार बाबा. एकदा एकाने चौदा टेक केले. संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती आणि मी मंडळींना हसवत होतो.

उजव्या कानाला यंत्र बसेल. पण मापाचं बाहेरून मागवावं लागेल, दोन महिने तरी.

चित्रीकरण सहा आठवड्यांत संपवायचंय.

२४ डिसेंबर

कुणाला सांगू? निर्मात्याला कळलं तर न्हावी दुसऱ्याच दिवशी गावाला जाईल आणि परत येणार नाही. आमच्या धंद्यात आजारी माणसाला कुणी काढत नाही. फक्त फोन येत नाही.

सुहैरलाही सांगितलं नाही. तिला ठाऊक असणार. माझ्याशी बोलताना हल्ली समोर येऊन उभी राहते.

२७ डिसेंबर

नसीम मनगट बांधून कामावर आला. इस्त्री डाव्या हाताने आपटतो. दुखतंय, दिसतं.

दुपारी अफाफला कोपऱ्यात घेतलं. विचारलं, "किती जणांना माहीत आहे?"

तिने हातातली संहिता मिटली. मग बोलली. पहिल्या आठवड्यातच नसीम इहाबकडे गेला होता. म्हणाला, खैरीला ऐकू येत नाही आणि ते त्याला स्वतःला कळलेलं नाही. घसा माझा बसलाय असं मी म्हणतो. चूक माझ्यावर लावा, ओरडायचं तर मला ओरडा. "आणि काका, ते म्हणाले, विनोद वेळेवर पडला पाहिजे, म्हणून मी इस्त्री आपटेन. तुम्हांला राग येईल हेही म्हणाले. 'येऊ दे. राग आला की तो जास्त चांगलं काम करतो.'"

मी त्या माणसाला उसळीवरून बोललो. चाळीस लोकांसमोर.

२९ डिसेंबर

बातमी वर गेली. बग्गीच्या अपघाताची चौकशी झाली, त्यात कुणीतरी बोललं. निर्माता स्वतः येणार आहे. न्हाव्याला सोळाव्या भागात कुवेतला मुलाकडे पाठवायचं घाटतंय. नसीमने इहाबला सांगितलं म्हणे, "मग इस्त्रीवाल्याचंही तिकीट काढा."

इहाब म्हणतो, त्यांच्यासमोर एक लांब दृश्य करून दाखवू. भांडणाचं. नऊ पानं, मध्ये कट नाही.

सुहैरला बोलावून सांगून टाकलं. ती रडली. मग नसीमची वाक्यं ती वाचायला लागली, माझ्यासमोर बसून.

३ जानेवारी १९९५

निर्माता कॅमेऱ्यामागे उभा. हातात माळ. चेहऱ्यावर काही नाही.

मला फक्त नसीमचे ओठ दिसत होते. दृश्यात आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना, एकमेकांना शिव्या देतोय. चौथ्या पानावर त्याला माझ्याकडे पाठ करायची होती — तसं लिहिलेलंच आहे, तो शर्ट टांगायला वळतो. म्हणजे ओठ दिसणार नाहीत. तो वळला, आणि त्याने आपल्या मनानेच शर्ट आरशासमोर धरला. माझ्या दुकानातल्या आरशासमोर! त्यात त्याचं तोंड मला स्वच्छ दिसत होतं. न्हाव्याच्या आरशात इस्त्रीवाला बडबडतोय — असं कुणी लिहिलं नव्हतं. मी आरशाकडे बघून उत्तर दिलं. मग आरशातल्या त्यालाच दाढीचा साबण फासला.

दणका. माझं वाक्य. दणका. माझं वाक्य.

संपल्यावर शांतता. माझ्यासाठी तर सगळीच शांतता. मी निर्मात्याच्या पोटाकडे बघितलं. पोट हलत होतं! हसत होता तो, माळ गळून पडली होती.

वळलो तर नसीम निघून गेला होता.

४ जानेवारी

न्हावी कुवेतला जात नाही.

६ जानेवारी

उद्या कॉप्टिक नाताळ — त्यांचा सात जानेवारीला येतो — म्हणून युनिटला सुट्टी. शुब्राला नसीमच्या घरी जायचं ठरवलंय. काय बोलायचं ते तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.

७ जानेवारी

नसीमनेच दार उघडलं. मला काही बोलू दिलं नाही. बसवलं, पुढ्यात काहकची, सणाच्या बिस्किटांची, बशी ठेवली, स्वतः समोर खुर्ची ओढली आणि सावकाश बोलला, म्हणजे मला दिसावं.

"त्या भिंतीच्या बोलण्याबद्दल पुन्हा माफी मागायची हिंमत झाली नाही, खैरी. एकदा मागितली होती. कौसरवहिनींच्या शोकमांडवात. शेजारी बसून, तुझ्या कानाला लागून. जे होतं नव्हतं ते सगळं बोललो. रडलो. तू समोर बघत राहिलास. एक शब्द नाही. म्हटलं, याने मला आयुष्यातून काढलं."

मांडवात तो आला होता, हे आठवतं. बसला आणि उठून गेला, एवढंच आठवतं.

विचारलं, "कुठल्या कानाला?"

त्याने हात लांब करून माझ्या डाव्या कानाला लावला.