पाटीवरची रेघ आणि माझी छाती

जेचन, गुरुवार, १२ मार्च, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. मुळा चिरता चिरता हात पुसून लिहायला बसलो आहे.

तीर्थरूप थोरले काका यांस पुतण्या ग्युसिकचा वाकून नमस्कार. आपले गुडघे बरे असतील, काकूंचा खोकला गेला असेल. (आपण भिंतीपलीकडे गल्ल्यावर आहात आणि खोकला मला इथे भटारखान्यात ऐकू येतो आहे, पण पत्रात विचारायची रीत आहे.)

तीन आठवडे माझ्या छातीत दुखते आहे. मोठ्या दवाखान्यात हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष निघाला. आपल्या खाणावळीत एवढे बिनचूक काही आहे, हे पाहून बरे वाटले. दुखणे मात्र राहिलेच, म्हणून बाजारातल्या नामगुंग वैद्यबाईंकडे गेलो. बाकावर सगळ्या साठीच्या बायका, सासवांनी गांजलेल्या. सुकटवाल्या मावशींनी सरकून जागा दिली. “ये बाळा, तुझी सासू कोण?” माझे लग्न झालेले नाही असे सांगितले, तर म्हणाल्या, “मग काका असेल.”

वैद्यबाईंनी मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि छातीच्या मधोमध अंगठा दाबला. मी ओरडलो.

“ह्वाचं दुखणं,” त्या म्हणाल्या. “ह्वा म्हणजे राग आणि ह्वा म्हणजेच आग. काय गिळतोस रे रोज?”

मग काढा दिला आणि सुया टोचल्या त्या मनगटात आणि पायात. दुखते छातीत, हे मी नम्रपणे लक्षात आणून दिले.

“खोलीत धूर भरला तर छत पुसतोस की चूल बघतोस?”

म्हणून चूल सांगतो. आपल्या पाटीवर ‘किमची जिगे’ या रश्श्याच्या नावातला ‘गे’ चुकला आहे. आपल्या कोरियन लिपीत या अक्षराची आडवी रेघ दोन उभ्या रेघांच्या मध्ये हवी, ती बाहेर आली आहे. (उच्चार एकच होतो, हे मान्य.) शाळा माझी अर्धी राहिली, पण झाली तेवढी नीट झाली. चार वर्षांत मी अकरा वेळा सांगितले. अकराही वेळा आपण म्हणालात, “गिऱ्हाईक रस्सा खातं, पाटी नाही. मुळा चीर.” मी चिरला. आता काढा कितीही कडू असो, तो गिळीन. शब्द गिळणार नाही. पाटी सुधारेपर्यंत सुरीला हात लावणार नाही. घालवायचे तर घालवा.

आपला (आजपर्यंत) आज्ञाधारक,
बे ग्युसिक

ता. क. आपल्याला डुलकी लागली तेवढ्यात शिडी लावून रेघ आत घेतली. खाली उतरलो तेव्हा छाती मोकळी होती. पाटी पाहून आपल्या छातीत काही झाले, तर वैद्यबाईंकडे बुधवारी दहाचा नंबर आपल्या नावाने लावून ठेवला आहे.

आणखी ता. क. ‘घालवायचे तर घालवा’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, म्हणून खोडले नाही. पण कृपया तसे करू नये. रेघ मात्र आतच राहील.